काकाकुवा घरी येतोय, आणि गॅलरीत बजरीगर आहेत

मागच्या अंकात काकाकुव्याच्या आहाराबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी होती: घरात आधीच छोटे पक्षी आहेत, तिथे काकाकुवा नांदेल का? म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. मिरजेला माझ्या घरी हिमा नावाची पांढरी अम्ब्रेला काकाकुवा मादी आहे, कॉकॅटील या तुरेवाल्या छोट्या पक्ष्यांची एक जोडी आहे आणि मागच्या पडवीत बजरीगर या त्याहून छोट्या पोपटांचा थवा आहे. पुढे जे लिहिलं आहे ते या घरात आणि आमच्या पक्षिवैद्यांच्या टेबलासमोर बसून शिकलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझा धाकटा दीर नोकरीसाठी कॅनडाला चाललाय. त्याच्याकडचा अकरा वर्षांचा अम्ब्रेला काकाकुवा, भोलू, आमच्याकडे येणार आहे. आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. गॅलरीत सहा लव्हबर्ड आणि दोन कॉकॅटील आहेत, संध्याकाळी त्यांना आम्ही हॉलमध्ये मोकळं सोडतो. भोलू अतिशय प्रेमळ आहे, आजवर कुणाला चावलेला नाही. सगळ्यांना एकत्र सोडता येईल का? की आधी थोडे दिवस सवय करावी लागेल? फोटो सोबत पाठवला आहे.
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : एकत्र सोडता येणार नाही. सवय करूनही नाही आणि तुम्ही समोर बसून लक्ष ठेवलंत तरीही नाही. एका घरात ते राहू शकतात, माझ्याकडे राहतात. पण त्यासाठी घराची मांडणी आणि तुमचा दिवस दोन्ही बदलावे लागतील, आणि तेवढी जागा तुमच्या घरात आहे का हे भोलू यायच्या आधी ठरवायला हवं.

फोटोतले सहा पक्षी बजरीगर आहेत. आपल्याकडे दुकानांत त्यांनाच लव्हबर्ड म्हणून विकतात. बजरीगराचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, कॉकॅटीलचं ऐंशी-शंभर ग्रॅम. भोलू पाचशे-सहाशे ग्रॅमचा असेल. आणि वजनाचा फरक बाजूला ठेवला तरी त्याची चोच आहेच. ती अडकित्त्यासारखी चालते. हिमा सालासकट अक्रोड फोडते, पेरूची अंगठ्याएवढी फांदी कातरून तिचे तुकडे करते. बजरीगराचा पाय काडीएवढा असतो. तो तोडायला काकाकुव्याला राग यावा लागत नाही. समोर आलेली प्रत्येक नवी गोष्ट तो चोचीत धरून, दाबून बघतो. जग तपासायची त्याची हीच रीत आहे. भोलूने नुसत्या कुतूहलाने बजरीगराला एकदा दाबून बघितलं तर तेवढ्यात तो जीव गेलेला असतो. तुम्ही तीन फुटांवर उभ्या असलात तरी हात पोचत नाही.

सगळ्यात जास्त दुखापती कशा होतात तेही सांगते. काकाकुवा पिंजऱ्यात बंद आहे म्हणून घरातले निर्धास्त असतात. मोकळं फिरणारं कॉकॅटील उडत येतं आणि त्याच पिंजऱ्याच्या छतावर बसतं, कारण ती घरातली उंच जागा असते. आतून चोच वर येते आणि बोट जातं. कधी पायाचं एक बोट, कधी अख्खा पाय. म्हणून छोटे पक्षी मोकळे असताना काकाकुवा नुसता पिंजऱ्यात असून भागत नाही. तो दुसऱ्या खोलीत, बंद दाराआड हवा. आणि तो बाहेर असेल तेव्हा छोट्यांचे पिंजरे त्याच्या वाटेत नकोत. बजरीगरांच्या पिंजऱ्याची बारीक तार मोठ्या काकाकुव्याला वाकवता येते.

भोलू प्रेमळ आहे हे मी मनापासून मानते. अम्ब्रेला जात तशीच असते, कुशीत शिरणारी, मान खाजवून घेणारी. पण ते प्रेम माणसावरचं आहे आणि त्यातूनच मत्सर येतो. त्याचं आवडतं माणूस दुसऱ्या पक्ष्याशी बोलताना दिसलं की त्याचा तुरा उभा राहतो, तो अंग डोलवतो, पंख पसरतो, फिसकारतो. पाळलेल्या काकाकुव्यांचे नर आपल्याच जोडीदार मादीला जबर जखमी करतात, मारूनही टाकतात. पक्षी पाळणाऱ्यांना आणि वैद्यांना जगभर हे ठाऊक आहे. जो पक्षी आपल्या मादीशी असं वागू शकतो त्याच्या आसपास बजरीगर सोडायचे नाहीत.

आता जागेचं बघू. तुमच्या दोन बेडरूमपैकी एक खोली भोलूची करावी लागेल. हॉलच्या कोपऱ्यात पिंजरा ठेवून जमणार नाही, याचं एक कारण दार आणि दुसरं पूड. काकाकुव्याच्या अंगावर काही खास पिसं असतात, त्यांची टोकं सतत झिजून पांढरी भुकटी होते आणि तीच तो चोचीने सगळ्या पंखांवर पसरवतो. हिमाने अंग झटकलं की जवळच्या काळ्या स्टुलावर लगेच थर दिसतो. कॉकॅटीलही थोडी पूड टाकतात, पण काकाकुव्याची पूड कितीतरी जास्त. एका हॉलमध्ये, एकाच हवेत ती छोट्या पक्ष्यांच्या श्वासात जाते, तुमच्याही. भोलूला रोज किंवा निदान दिवसाआड पाण्याचा फवारा द्या, खोलीत हवेतली बारीक पूड गाळणारा चांगला हेपा फिल्टर लावा, फरशी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. गॅलरी त्या खोलीला लागून असेल तर बजरीगरांचा पिंजरा दुसरीकडे हलवा.

पिंजरा स्टेनलेस स्टीलचा किंवा चांगल्या पावडर कोटिंगचा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी काकाकुवा चावतो आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. त्याने दोन्ही पंख पूर्ण पसरले तरी ते कुठेही टेकू नयेत, ही मापाची कमीत कमी अट. कडीला कुलूप लावा. साध्या खिट्ट्या हिमा उघडते, नटबोल्ट फिरवून भांडी काढते. रात्री तुम्ही झोपलेल्या असताना काकाकुवा बाहेर आला तर छोट्या पक्ष्यांजवळ कोणीच नसेल.

भोलू आल्या दिवसापासून निदान पंचेचाळीस दिवस त्याला अगदी वेगळं ठेवायचं. या काळात पक्षिवैद्याकडून तपासून घ्या आणि पीसीआर चाचण्या करून घ्या: चोच-पिसांच्या आजाराची, पॉलिओमा विषाणूची आणि क्लॅमिडिया जिवाणूची. चाचण्या तुमच्या बजरीगरांच्या आणि कॉकॅटीलच्याही करा. धोका दोन्ही बाजूंनी आहे. चोच-पिसांच्या आजाराचा विषाणू बजरीगरांत काही लक्षण न दाखवता राहू शकतो, कॉकॅटीलमध्ये क्लॅमिडिया तसाच लपून असू शकतो, आणि काकाकुवे चोच-पिसांच्या आजाराला फार लवकर बळी पडतात. त्यावर औषध नाही. विषाणू पिसांच्या पुडीतून आणि शिटेतून पसरतो आणि घरात बराच काळ टिकतो. एखादा पक्षी बाहेरून अगदी धडधाकट दिसत असून चाचणीत दोषी निघाला तर घाबरून काही करू नका. त्याला वेगळं ठेवून नव्वद दिवसांनी पुन्हा तपासतात, काही पक्षी तोपर्यंत विषाणू झटकून टाकतात. रोजचं काम करताना आधी जुन्या पक्ष्यांचं दाणापाणी, मग भोलूचं. त्याच्या खोलीतून बाहेर आलात की साबणाने हात धुवा, वरचा कपडा बदला.

कागदांकडे आत्ताच बघा. काकाकुवा साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला पक्षी असल्याने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो चौथ्या अनुसूचीत येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि मालक बदलला की नव्या मालकाच्या नावावरही. तुमच्या दिरांनी नोंदणी केली आहे का, पायातल्या कड्याचा नंबर कागदावर आहे का, हे ते देशात असतानाच तपासा. बजरीगर आणि कॉकॅटील साइट्स यादीबाहेर असल्याने त्यांना हे लागू नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण फ्लॅट म्हटल्यावर सांगायलाच हवी. काकाकुवा पहाटे आणि सूर्यास्ताला ओरडतो. जंगलात थवा जमवायची ती वेळ असते. निरोगी, सुखी काकाकुवाही ओरडणारच आणि तो आवाज खालच्या दोन मजल्यांना ऐकू जाईल. शेजाऱ्यांशी भोलू येण्याआधी बोला.

तुमच्याकडे त्याला बंद दाराची एक खोली देता येत नसेल तर दिरांना आत्ताच स्पष्ट नाही म्हणा. दीर इथे असेपर्यंत त्याच्यासाठी दुसरं चांगलं घर शोधायला वेळ मिळेल. तो आला आणि वर्षभराने पुन्हा कुणाकडे द्यावा लागला, तर त्या पक्ष्याचे हाल होतात. हात बदलत आलेले, छाती उघडी पडलेली काकाकुवे मी पाहिले आहेत आणि ते बघवत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे नऊ वर्षांचा गॉफिन काकाकुवा आहे, राजा. हॉलमध्येच कॉकॅटीलची जोडी आहे, त्यांना आम्ही मडकं लावलं आणि मादीने अंडी घातली. तेव्हापासून राजा दिवसभर किंचाळतो आणि छातीची पिसं उपटतोय. त्याला राग आलाय का? कॉकॅटील देऊन टाकावेत का?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : कॉकॅटील देऊ नका, आधी राजाला वैद्यांकडे न्या. पिसं उपटण्याला आपण लगेच मनाची कारणं देतो, पण यकृताचा त्रास, धातूची विषबाधा, त्वचेचा किंवा पोटाचा आजार यांतूनही हेच दिसतं. एक खूण घरी बघता येईल: डोक्यावरची पिसं नीट आहेत का? स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. डोक्याचीही पिसं झडत असतील, वेडीवाकडी उगवत असतील, तर तो उपटतोय असं समजू नका. चोच-पिसांच्या आजाराची चाचणी लगेच करून घ्या.

तपासणीत काही निघालं नाही तर तुमच्या हॉलकडे बघू. नऊ वर्षांचा नर पूर्ण वयात आलेला असतो. त्याच्यासमोर दिवसभर एक जोडी, घरटं, अंडी. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत दिवे आणि टीव्ही असेल, म्हणजे त्याच्या शरीराला दिवस लांबल्यासारखा वाटतो आणि विणीची उबळ वाढते. त्यात आपण लाडाने त्याच्या पाठीवरून, पंखांखालून हात फिरवतो. पक्ष्याला तो स्पर्श जोडीदाराचा वाटतो. हे सगळं कमी करायचं. कॉकॅटीलची जोडी मडक्यासकट दुसऱ्या खोलीत हलवा, पण अंड्यांवर बसलेली मादी बिचकणार नाही अशा बेताने, संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर. राजाला रोज दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्या. हात फक्त डोक्यावर आणि मानेवर. कपाटाखाली, खोक्यात, उशांच्या मागे शिरू देऊ नका. अंधाऱ्या पोकळ जागा त्याला ढोलीसारख्या वाटतात.

कॉकॅटीलना रात्री पूर्ण अंधारात दचकून पंख आपटायची सवय असते, त्यांना बारीक दिवा लागतो. काकाकुव्याला अंधार हवा, कॉकॅटीलला मंद उजेड. झोपेच्या खोल्या वेगळ्या करायला हे एवढं कारण पुरेसं आहे.

किंचाळण्याचं असं की तो ओरडल्यावर तुम्ही धावत येत असाल तर ओरडणं वाढेल. रागावायला आलात तरी तुम्ही आलेल्या असता. तो गप्प असताना किंवा साधा आवाज काढताना त्याच्याकडे जा, बोला, खाऊ द्या. घरातल्या सगळ्यांनी हेच पाळायला हवं, नाहीतर आजी येते म्हणून तो आजीसाठी ओरडेल.

आणि त्याला काम द्या. गॉफिन ही फार बुद्धिमान जात आहे. ऑस्ट्रियात फिगारो नावाच्या गॉफिनने जाळीपलीकडचा काजू ओढून घ्यायला लाकडाची लांब ढलपी स्वतः कातरून काढली, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. असा मेंदू वाटीतले सूर्यफुलाचे दाणे खाऊन दिवसभर बसून राहिला तर स्वतःची पिसंच सोलणार. त्यात सूर्यफुलाच्या बियांनी चरबी वाढते ती वेगळीच. राजाचं अर्धं खाणं कागदाच्या पुड्यांत बांधून, करवंटीत घालून, पेरूच्या फांदीला टांगून द्या. सालासकट मक्याचं कणीस, शेवग्याच्या पाल्याची जुडी, हिरवी मिरची. मिरची पक्ष्यांना तिखट लागत नाही, हिमा आधी बिया खाते. शेंगदाणे मी देत नाही, त्यांना बुरशी लवकर धरते. तुम्ही कॉकॅटीलचं काम करायला जाल त्याच्या आधी राजासमोर अशी एखादी पुडी ठेवा. तुम्ही दुसरीकडे जाणं म्हणजे आपल्याला काहीतरी मिळणं, हे त्याला हळूहळू कळू लागतं. माझ्याकडे सगळ्यात जास्त उपयोग याच एका सवयीचा झाला.

उपटलेली पिसं परत येतील का हे मी सांगू शकत नाही. मुळं दुखावली नसतील तर येतात. वैद्यांनी तपासल्याशिवाय छातीला तेल, हळद, कोरफड काहीही लावू नका.

प्रश्न : मी चौथीत आहे. मी वाचलं की कॉकॅटील हा काकाकुव्याच्याच कुटुंबातला पक्षी आहे. मग ते मित्र का होत नाहीत?
(एक बालवाचक, नाशिक)

उत्तर : तू अगदी बरोबर वाचलं आहेस. कॉकॅटील हा काकाकुवा कुळातला सगळ्यात छोटा पक्षी आहे. त्याचा तुरा बघ, आनंद झाला की उभा राहतो आणि घाबरलं तरी उभा राहतो, मोठ्या काकाकुव्यासारखाच. दोघांचे पूर्वज एक आहेत. पण वाघ आणि मांजरही एका कुळातले असतात ना? ऑस्ट्रेलियात गुलाबी काकाकुवे, कॉकॅटील आणि बजरीगर एकाच पाणवठ्यावर येतात. तिथे छोट्याला भीती वाटली तर तो उडून लांब जाऊ शकतो, त्याला अख्खं आभाळ असतं. आपल्या घराला भिंती असतात. म्हणून त्यांनी एकमेकांना लांबून हाका मारायच्या. माझी हिमा कॉकॅटीलसारखी शीळ घालायला शिकली आहे, ती तिच्या खोलीतून घालते आणि तिकडून उत्तर येतं. ही मैत्री मला पुरेशी वाटते. तुला काय वाटतं ते कळव.

प्रश्न : आम्ही सिडनीत राहतो. रोज संध्याकाळी पिवळ्या तुऱ्याचे रानटी काकाकुवे बाल्कनीच्या कठड्यावर येतात. सासूबाई भारतातून आल्यात, त्या त्यांना कौतुकाने पोळी आणि दाणे घालतात. बाल्कनीतच आमच्या बजरीगरांचा मोठा पिंजरा आहे. काकाकुवे त्याच्या छतावरही बसतात. काही धोका आहे का?
(एक वाचक, सिडनी)

उत्तर : आहे, आणि तो चोचीपेक्षा मोठा आहे. चोच-पिसांचा आजार ऑस्ट्रेलियातल्या रानटी काकाकुव्यांत आणि लोरिकीट या तिथल्या रंगीत पोपटांत आढळतो. छतावर बसलेल्या पक्ष्याची शिटे आणि पूड थेट तुमच्या बजरीगरांच्या पाण्यात, दाण्यात पडते. पिंजऱ्याचं छत आजच पत्र्याने किंवा पॉलिकार्बोनेटने पूर्ण झाका, ज्या बाजूने ते बसतात ती बाजूही. दाणापाण्याची भांडी आतल्या भिंतीला लावा. कडीला कुलूप हवंच. तुमच्या शहरातले काकाकुवे कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडतात हे तुम्ही पाहिलं असेल. २०१८ पूर्वी सिडनीच्या फक्त तीन उपनगरांत लोकांनी हे पाहिलं होतं, २०१९ च्या अखेरीस ४४ भागांत. एकमेकांचं बघून ते शिकत गेले आणि २०२१ मध्ये यावरचं संशोधन सायन्स नियतकालिकात आलं. अशा पक्ष्यांपुढे तुमची खिटी टिकणार नाही.

आता सासूबाई. त्यांना दुखावू नका, आपल्याकडे पाखरांना दाणे घालणं पुण्याचं काम आहे आणि त्या तेच करताहेत. पण पोळी आणि मीठ लावलेले दाणे या पक्ष्यांचं अन्न नाही. एका जागी गर्दीने खायला आले की आजारही तिथेच वाटला जातो. शिवाय सवय लागलेले काकाकुवे खाणं मिळालं नाही तर खिडक्यांच्या लाकडी चौकटी सोलून काढतात. सासूबाईंच्या हातून बजरीगरांना दाणे घालू द्या. त्या पक्ष्यांना दाण्यांची रोज गरज आहे. काकाकुवे कठड्यावर आले तर दोघी चहा घेत काचेआडून बघा. खायला न घालताही ते येतील, ते त्यांचंच गाव आहे.

प्रश्न : घरी एक काकाकुवा आणि पाच-सहा कॉकॅटील आहेत. गेल्या काही महिन्यांपासून बाबांना कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते. पक्ष्यांमुळे असेल का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : असू शकतं. हे पत्र वाचून झाल्यावर त्यांना डॉक्टरांकडे न्या, छातीच्या तज्ज्ञांकडे नेता आलं तर उत्तम. आत गेल्याबरोबर पहिलं वाक्य सांगा की आमच्या घरी पक्षी आहेत, कोणते आणि किती. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगितलं नाही तर त्यांना सुचेलच असं नाही. पिसांच्या पुडीने काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते. ती वेळीच ओळखली तर आटोक्यात राहते, वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर फुप्फुसं कायमची कडक होतात. क्लॅमिडियामुळे होणारा सिटॅकोसिस हा वेगळा आजार, त्यात ताप, डोकेदुखी, खोकला असतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं, पण तेही डॉक्टरांनीच द्यायचं.

निदान होईपर्यंत बाबांनी पक्ष्यांच्या खोलीत जायचं नाही, पिंजरे साफ करायचे नाहीत. तुम्ही साफ कराल तेव्हा मास्क लावा आणि आधी पाणी शिंपडा. डॉक्टर म्हणाले की पक्षी घरात नकोत, तर ते ऐका. माझं सगळं आयुष्य पक्ष्यांत गेलंय, तरी सांगते, बाबांची फुप्फुसं आधी. पक्ष्यांना दुसरं घर शोधायला मी स्वतः मदत करीन, संपादकांकडे कळवा.

याच निमित्ताने सगळ्यांसाठी: पक्षी असलेल्या घरात नॉन-स्टिक तवा नको. तो जास्त तापला तर त्याच्या वाफेने छोटे पक्षी काही मिनिटांत मरतात, मोठेही वाचत नाहीत. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल पक्ष्यांच्या खोलीपासून लांब.

प्रश्न : ताई, माझं वय अडुसष्ट. पत्नी गेल्यापासून घरात एकटाच आहे. बजरीगर पाळतो, त्यांच्यात छान वेळ जातो. ओळखीचे एक गृहस्थ काकाकुव्याचं पिल्लू देतो म्हणतात, 'हाताने वाढवलेलं आहे, माणसासारखी सोबत करेल' म्हणाले. घ्यावं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : काका, घेऊ नका. सोबत तो करील, खूप करील, तुमच्या खांद्यावरून उतरणार नाही. पण अम्ब्रेलासारखे मोठे काकाकुवे चाळीस, पन्नास, कधी त्याहून जास्त वर्षं जगतात. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा मेजर मिचेल जातीचा काकाकुवा २०१६ मध्ये गेला तेव्हा ८३ वर्षांचा होता. आज घेतलेलं पिल्लू तुमच्यामागे उरेल. एका माणसाला धरून वाढलेला पक्षी ते माणूस गेल्यावर कसा होतो हे मी बघितलंय. आणि तुमच्या बजरीगरांचा वेळ तो घेईल. आत्ता ते ज्या मोकळेपणाने खोलीभर उडतात ते बंद होईल. दाणे, पाणी, आवाज, तुमची दुपारची झोप, सगळं त्याच्याभोवती फिरू लागेल.

अम्ब्रेला ही इंडोनेशियातल्या हल्माहेरा आणि आसपासच्या बेटांवरची जात आहे आणि रानात ती धोक्यात आलेली आहे. पिल्लू कुठून आलं, कुठल्या नोंदणीकृत पैदासकाराकडचं, याचे कागद त्या गृहस्थांकडे नसतील तर तुम्ही अडचणीत याल. कुणी त्याऐवजी साधा हिरवा पोपट देऊ केला तर तोही घेऊ नका. आपले देशी पोपट घरात पाळणं कायद्याने गुन्हा आहे.

माणसाच्या खांद्यावर बसणारा पक्षीच हवा असेल तर हाताने वाढवलेलं एक कॉकॅटील बघा. पंधरा-वीस वर्षं जगतं, शीळ घालतं, मांडीवर बसून डोकं पुढे करतं. नर घ्या, नर जास्त शीळ घालतात आणि अंड्यांचे त्रास नसतात. त्यालाही पंचेचाळीस दिवस वेगळं ठेवायचं, चाचण्या करायच्या, आणि बजरीगरांच्या पिंजऱ्यात नाही घालायचं. बाहेर मात्र तुमच्या नजरेसमोर सगळे एका खोलीत उडू शकतील. सुरुवातीला थोडा वेळ, भांडतात का ते बघत. कॉकॅटील शांत असतं, उलट बजरीगरच त्याच्या शेपटीच्या मागे लागतील.

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर रोज सकाळी दाणे घालायच्या आधी त्याचं वजन वहीत लिहा. दहा टक्के घटलं तर त्याच दिवशी वैद्यांकडे. साताऱ्यात पक्ष्यांचे डॉक्टर मिळाले नाहीत तर मला पत्र पाठवा, पुण्याचा पत्ता उलटटपाली कळवते.